मोकळी जागा, नऊ फूट

मिळकत पत्रिकेवर पहिली नोंद वखारीची.
सन १९२१. धारक बसलिंगाप्पा शिंत्रे. उपयोग : मिरची.
दुसरी नोंद आठ वर्षांनी. उपयोग : खेळ.
मध्ये काय झालं ते पत्रिका सांगत नाही,
तिच्या रकान्यात तेवढी जागाच नसते.

मी मोजणीवाला. फीत धरायला सोबत सागर,
त्याचं लक्ष मोबाइलमध्ये.
गडहिंग्लजच्या या पेठेत उद्या-परवा
तीन मजली काहीतरी उभं राहणार,
त्याआधी जे आहे ते किती आहे
एवढंच लिहून द्यायचं.

पूर्व-पश्चिम बाहत्तर फूट.
उत्तर-दक्षिण अडतीस.

म्हणतात, एका साली दर पडला.
शिंत्रे माल घेऊन कोल्हापूरला गेले,
रात्री तंबूत खेळ बघितला,
आणि परतीच्या गाडीत पोत्यांच्या जागी
एक मशीन, एक पडदा, एक बाजाची पेटी.
बैलांना वजनातला फरक लगेच कळला,
घरच्यांना कळायला आठवडा लागला.

वखार झाडली, धुतली, चुना दिला.
पण आठ वर्षांची संकेश्वरी भिंतीत मुरलेली,
ती चुन्याला थोडीच ऐकते?
दिवे मालवले, माणसांची ऊब चढली
की भिंती सुटायच्या.
पहिल्या रिळाला शिंका, दुसऱ्याला खोकला.
राणी वनवासाला निघाली की अख्खी वखार डोळे पुसायची
आणि बाहेर पडताना जो तो म्हणायचा,
मिरची हो, दुसरं काय.
तालमीतल्या गड्यांना रडायची
अशी सोय गावात पुन्हा झाली नाही.

पडद्याच्या पुढं दोन आणे, मागं एक.
मागं म्हणजे पडदा आणि भिंत यांच्यामधली
ही नऊ फूट.
खेळाआधी इराप्पा कोळी घागरीनं पडदा भिजवायचा,
मग चित्र आरपार दिसे.
तिथं बसायच्या वखारीतल्याच बायका,
काल-परवापर्यंत याच फरशीवर देठं खुडणाऱ्या.
त्यात तायव्वा.
तिचे सगळे राजे डावखुरे.
अक्षरं उलटी, पण सुलटी तरी तिला कुठं येत होती?
वाचून दाखवायला भाऊ गुरव होता,
मराठीत एकदा, कानडीत एकदा,
आणि कानडीत राजा जरा जास्तच शिव्या द्यायचा.

सन १९३७. यंत्र, कर्णा, कर्ज रुपये चार हजार.
चित्र बोलायला लागलं, भाऊ गुरव गप्प झाला.
त्याला दारावर बसवला, तिकिटं फाडायला.
आत कुणी बोललं की बाहेर त्याचे ओठ हलत.
पडद्यामागं कर्ण्याचा खोका आला, बायका उठल्या.
तायव्वा पहिल्यांदा पुढं येऊन बसली
आणि अर्ध्यातून बाहेर आली.
"भावड्या, उलटं दाखवायला लागलेत की रे."
त्यानं तिचे पैसे परत दिले म्हणतात,
स्वतःच्या खिशातून.

पुढच्या नोंदी वारसांच्या.
वारस, वारस, हक्कसोड, बोजा,
वारस, बोजा कमी.
शेवटचा खेळ कुठला, कुणालाच नक्की सांगता येत नाही.
चहावाला एक नाव घेतो, पानवाला दुसरं,
दोघंही आईची शपथ घालून.

मी मागच्या भिंतीशी येतो.
फितीचं टोक अडकवायला खिळा ठोकतो,
चुन्याचा पोपडा निघून पायाशी पडतो,
आत विटांचा रंग, की तिचा, कोण जाणे.
एवढ्या सालांनंतर तिच्यात काय राहिलं असणार.
एक शिंक. लगोलग दुसरी.
सागर मोबाइलवरून मान वर करतो.
"सर, रडताय काय?"

नऊ फूट दोन इंच, मी सांगतो. लिही.
पत्रिकेत हिला मोकळी जागा म्हटलंय, नऊ फूट.
वरचे दोन इंच कुठून आले
मला विचारू नकोस.